नाही म्हटलेल्यांची यादी

२०२५ ची दिवाळी संपली, तुळशीची लग्ने आटोपली आणि वहिनींनी हंगामातली सगळी कागदपत्रे एका कापडी पिशवीत कोंबून माझ्या हवाली केली. पिशवीत वाण्याची बिले होती, तेलाच्या डब्यांच्या आणि निळ्या सिलिंडरच्या पावत्या होत्या, बँकेच्या खात्याचा उतारा होता, पानापानावर पिठाची बोटे उमटलेली ऑर्डरची जाड वही होती आणि या सगळ्याच्या तळाशी शाळकरी मुले वापरतात तशी एक लहान वही होती. त्या लहान वहीतही नावे होती. कुणी टिळकनगरमधले, कुणी ठाकुर्लीचे, एक ‘मुलगी सिंगापूरला असते त्या’, एक ‘गॅलरीत तुळस असलेल्या’. नावापुढे चकली एक किलो, अनारसे पाव किलो, करंज्या पंचवीस असा तपशील होता. मात्र रक्कम कुठेच नव्हती, आगाऊ घेतलेल्या पैशांची नोंदही नव्हती. विक्रीच्या आकड्याशी ती वही जुळवण्याचा मी बराच प्रयत्न केला आणि जुळेना तेव्हा वहिनींना फोन केला. पलीकडे तवा चुरचुरत होता. त्या म्हणाल्या, “ती नका धरू हिशेबात, भावजी. ज्यांना नाही म्हटले त्यांची वही आहे ती. वाईट वाटते ना, म्हणून लिहून ठेवते.”

मी वही बाजूला ठेवली आणि उरलेला हिशेब पुरा केला. पण ती वही मनातून जाईना. माझा जन्म एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात गेला. व्यापाऱ्याची वही समोर आली की काय विकले, काय घेतले, कोणाचे देणे आहे, कोणाकडे येणे अडकले आहे आणि बुडीत किती गेले, हे वाचण्याची नजर मला सवयीने आलेली आहे. या सगळ्यांना वहीत आपापले ठरलेले घर असते. दाराशी आलेल्या आणि आपण परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाला मात्र कोणत्याही पद्धतीच्या हिशेबात जागा नाही. रोजमेळात ते दिसत नाही, खतावणीत दिसत नाही, ताळेबंदात तर नाहीच. एखादा धंदा हातांच्या आणि डोक्याच्या मर्यादेला टेकला आहे हे ज्या एका आकड्यावरून सर्वांत आधी कळावे, तो आकडा लिहिण्याची रीतच आपल्याकडे नाही. वहिनींनी तो लिहिला, आणि तोही वाईट वाटले म्हणून.

त्या वेळी कमी नेमके काय पडले होते, हे मात्र त्या वहीत नव्हते.

डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी सातच्या सुमारास गाडी फलाटाला लागते, जिन्यावरून माणसांचा लोंढा उतरतो आणि त्यातल्या निम्म्या पावलांना घरी पोहोचण्याआधी एक थांबा घ्यायचा असतो. वहिनींचा गाळा अशाच एका रस्त्यावर आहे. बाहेरून पाहिले तर काचेच्या कपाटात चिवड्याची पाकिटे आणि शेंगदाण्याचे लाडू, आणि आत तीन तव्यांची धग. लाटलेली पोळी तव्यावर पडते, फुगते, उलटते, तेलाचा हात फिरतो आणि ती स्वच्छ धुतलेल्या पंचावर जाऊन बसते. पंचा खाली घालतात तो वाफेचे पाणी टिपण्यासाठी. तो नसला तर तळच्या पोळ्या ओल्या होतात, हे पोळ्या विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. कोणी म्हणते दहा पोळ्या आणि पाव किलो बटाटा, कोणी विचारते भेंडी संपली का, कोणी नुसतेच क्यूआरकडे मोबाइल धरून उभे राहते. मग पैसे मिळाल्याची घोषणा करणारे ते लहानसे यंत्र बोलते आणि वहिनी वर न पाहता मान हलवतात. त्या गर्दीत उभे राहिले की धंदा उत्तम चालला आहे याविषयी कोणालाही शंका येणार नाही. मलाही कधी आली नव्हती.

ह्याची सुरुवात अगदी साधी होती. वहिनींच्या यजमानांच्या कंपनीला टाळे लागले तेव्हा घरच्या दोन शेगड्यांवर शेजारच्या इमारतीतल्या दोन अविवाहित मुलांचे डबे सुरू झाले. डब्यांचे गाळ्यात रूपांतर व्हायला काही वर्षे गेली. पोळ्यांची मागणी वाढली तेव्हा त्यांनी लाटायला एक बाई ठेवली, मग दुसरी, मग भांडी घासायला आणि डबे पोहोचवायला एक मुलगा. दिवाळीच्या दिवसांत आणखी चारपाच बायका येतात. त्यांना वहिनी चकलीच्या भाजणीचे प्रमाण बिनदिक्कत सांगतात. तांदूळ किती, हरभरा डाळ किती, उडीद आणि मूग किती, धने-जिरे कोणत्या टप्प्यावर भाजायचे, मोहन किती कडकडीत हवे, कढईतला फेस विरला की चकली झाली हे कसे ओळखायचे, सगळे काही. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजत ठेवायचे आणि रोज पाणी बदलायचे, हेही त्या नव्या बाईला पहिल्याच दिवशी बजावून सांगतात. उद्या तीच बाई पलीकडच्या गल्लीत स्वतःचे केंद्र काढेल, ही भीती त्यांना नाही. एकीने काढलेही, आणि वहिनी तिच्या गाळ्याच्या पूजेला जाऊन आल्या.

हिशेबाची वही मात्र त्या कोणालाही दाखवत नसत. रात्री अकरानंतर गाळ्याचे शटर खाली आले, घरी ओटा पुसून झाला की जेवणाच्या टेबलावर ती वही उघडे. पेंगुळलेल्या डोळ्यांवर चष्मा, समोर दिवसभराची नोटांची गुंडाळी आणि तोंडाने चाललेली बेरीज. यजमानांनी मदत करू का असे विचारले तर “तुम्ही झोपा, मला दहा मिनिटे लागतील” हे ठरलेले उत्तर. दहा मिनिटांचा तास होई आणि सकाळी साडेपाचला कणीक भिजवायला पुन्हा त्याच उठत.

बँकेत असताना मी हेच अनेकदा पाहिले. फोटोफ्रेमवाला, ब्लाऊज शिवणाऱ्या बाई, गॅरेजवाला, लग्नाच्या पत्रिका छापणारा. यांच्यापैकी प्रत्येकाने हातांची मदत लवकर घेतलेली असे. काम वाढले की माणूस ठेवायचा, यात त्यांना काहीच अवघड वाटत नसे. वहीच्या बाबतीत मात्र मदत येई ती एकदम शेवटी, बहुतेक वेळा एखादी नोटीस हातात पडल्यावर किंवा चेक परत गेल्यावर. हे गुपित जपण्यासाठी होते असे मला पूर्वी वाटे. आता तसे वाटत नाही. वही दाखवली की तिच्यासोबत आणखी पुष्कळ दिसते. कोणाला भिडेखातर उधार दिले, मेव्हण्याने नेलेले पैसे कोणत्या साली नेले, पोळीचा भाव गेली तीन वर्षे का वाढवला नाही, मुलाच्या फीचे पैसे तेलवाल्याच्या पैशांतून कसे काढले. पाककृती माणसाचे कौशल्य दाखवते, आणि वही त्याचे मन कुठे कुठे कच्चे पडले ते दाखवते. परक्यासमोर तेवढे उघडे होणे सोपे नाही, आणि घरच्या माणसासमोर तर त्याहून कठीण.

म्हणूनच लिज्जत पापडाची गोष्ट ज्या पद्धतीने सांगितली जाते, ती मला नेहमी थोडी अपुरी वाटते. १५ मार्च १९५९ या दिवशी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या, छगनलाल करमसी पारेख ऊर्फ छगनबापा यांच्याकडून त्यांनी ८० रुपये उसने घेतले आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटे तयार झाली, एवढे सर्वांना पाठ असते. त्या ८० रुपयांवर भाषणे होतात. छगनबापांनी त्यांना पैशांखेरीज काय दिले, हे क्वचितच कोणी सांगते. सुरुवातीला या बायका दोन प्रतींचे पापड करत होत्या. हलक्या प्रतीचे पापड स्वस्तात विकावेत असा विचार होता. एकच चांगली प्रत ठेवा, तिच्यात तडजोड करू नका, हा धंदा आहे असे समजूनच तो चालवा आणि हिशेब नीट ठेवा, हे छगनबापांनी त्यांना सांगितले. लाटणाऱ्या हातांची गिरगावात वानवा नव्हती. उडदाच्या पिठात काय घालायचे, हेही त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. बाहेरच्या माणसाची गरज होती ती या दुसऱ्या गोष्टीसाठी, आणि त्यांनी ती मदत अगदी आरंभीच घेतली. पुढे ज्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्या या सात जणींपैकीच. देणग्या न घेण्याचा त्यांचा निश्चय प्रसिद्ध आहे. मदत घेणे आणि देणगी घेणे यांतला फरक त्या गच्चीवर बसलेल्या बायकांना फार लवकर उमगला होता, असे मला वाटते.

किर्लोस्करांचेही तसेच. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान निघाले तेव्हा लक्ष्मणराव मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. ते मुंबईहून सायकली पाठवत आणि बंधू रामूअण्णा बेळगावात त्या विकत. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिथल्या पहिल्या सहकाऱ्यांत मंगेशराव रेगे होते आणि हिशेबाचे काम त्यांच्याकडे होते. यंत्रांवर जीव असलेल्या माणसाने वही दुसऱ्याच्या हाती सोपवली. त्या माळरानावरच्या निवडुंगाच्या आणि सापांच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो, रेग्यांच्या वहीची गोष्ट कोणी सांगत नाही. हिशेबनीसाला नायक करणे कथाकारांना जड जात असावे.

आजच्या लहान धंद्याला तर वही स्वतःच्या उशाशी ठेवून चालतच नाही. वहिनींच्या एकाच गाळ्यात, एकाच कढईशेजारी, कायद्याच्या दृष्टीने दोन निराळे धंदे चालतात. गरम पोळी-भाजी बांधून देणे हा उपाहारगृहाच्या सेवेचा प्रकार मानला जातो. ऑक्टोबर २०२१ मध्ये निघालेल्या जीएसटीच्या खुलाशात नुसते पार्सल देणारी स्वयंपाकघरेही त्याच वर्गात घातली गेली. पाकिटबंद चिवडा आणि चकली ही मात्र वस्तू. जीएसटीच्या नोंदणीसाठी सेवेची वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाखांची आणि केवळ वस्तू विकणाऱ्याची ४० लाखांची. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकिटबंद फरसाण-नमकीनवरचा दर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे दिवाळीच्या ऐन तोंडावर. अन्न सुरक्षेच्या कायद्याखालची नोंदणी निराळी. तिची वर्षाला १०० रुपये फीची पायरी तेव्हा १२ लाखांच्या उलाढालीपर्यंत होती आणि त्यापुढे परवाना. पोळीच्या कडा एकसारख्या लाटणाऱ्या बाईला हे सगळे रात्री अकरानंतर, पेंगत, कळले पाहिजे अशी अपेक्षा धरणे क्रूरपणाचे आहे. आणि तरीही आपल्याकडच्या बहुसंख्य लहान धंद्यांची तीच पद्धत आहे.

त्याच वर्षी जुलै महिन्यात कर्नाटकात यूपीआयच्या नोंदींवरून हजारो लहान विक्रेत्यांना करखात्याच्या नोटिसा गेल्या. बेंगळुरूत अनेक दुकानांनी क्यूआरचे फलक काढून टाकले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. दूध आणि भाजी विकणारे, ज्यांच्या मालावर मुळात करच नाही, तेही त्यात सापडले. ती बातमी इकडे पोहोचल्यावर आमच्या रस्त्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून केळेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, आणि त्या आठवड्यात मला जेवढे फोन आले तेवढे एरवी वर्षभरात येत नाहीत. प्रत्येकाला आपली उलाढाल किती हे माझ्याकडून हवे होते. मोबाइलवर आलेल्या पैशांत भिशीचे पैसे होते, भावाने पाठवलेले होते, शेजाऱ्याने सुटे हवेत म्हणून टाकलेले होते. विक्री कोणती आणि इतर काय, हे वेगळे काढणारी एक ओळही कोणी लिहिलेली नव्हती. भीती वाटली म्हणून मागितलेली मदत मदतीसारखी राहत नाही, हे मी त्या दिवसांत पाहिले. घाबरलेला माणूस काय करू असे विचारत नाही. ‘काही होणार नाही ना’ एवढेच विचारतो.

मदत देणाऱ्या संस्था कमी आहेत, असे म्हणता येणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून आहेत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून आहे. मुद्रा योजना २०१५ मध्ये आली. तिच्यात शिशु गटाला ५० हजार, किशोरला ५ लाख आणि तरुणला १० लाख रुपयांपर्यंत कर्ज, आणि आधीचे तरुण कर्ज फेडणाऱ्याला २० लाखांपर्यंत. पण या सगळ्या दारांवर पहिला प्रश्न एकच असतो, तो म्हणजे मागच्या वर्षांचे आकडे. आमच्या बँकेत अर्जासोबत जे प्रकल्प अहवाल येत, ते बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काहीशे रुपयांत तयार होत. एकदा माझ्या टेबलावर आलेल्या पीठगिरणीच्या अहवालात तिसऱ्या पानावर ‘केशकर्तनालयास येणाऱ्या ग्राहकांची संख्या’ असा मजकूर सापडला होता. आम्ही सगळे हसलो. अर्ज करणारा माणूस समोरच्या बाकावर बसला होता, तोही आमच्याबरोबर हसला. आपल्या धंद्याविषयी त्या चोपडीत काय लिहिले आहे, हे त्याने वाचलेच नव्हते. त्या माणसाला कर्जाची मदत मिळाली असती, तरी ती नेमकी कशासाठी हे त्याला सांगता आले नसते.

याच्या उलटही पाहिलेले आहे आणि ते सांगायला हवे, कारण मदत घ्या मदत घ्या असा घोष करणाऱ्यांचीही हल्ली कमतरता नाही. एका पत्रिका छापणाऱ्याने व्याख्याने ऐकून मॅनेजर ठेवला. मालकाने यंत्रावर उभे राहू नये, धंद्याचा विचार करावा, असे त्याला कोणी तरी पटवले होते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक येत होते ते त्याच्यासाठी. मुलीचे लग्न ठरलेला बाप त्याच्यापुढे बसे, तो चहा मागवी, दोन्हीकडची आडनावे विचारी आणि कोणत्या घराण्यात पत्रिकेवर कुलदैवत आधी लागते आणि कोणाकडे गणपती, हे न विचारता मांडून देई. त्याच्या जागी मॅनेजर बसला आणि नमुन्यांचा अल्बम पुढे सरकवू लागला. कामाचा हात सैल झाला, पगाराचे ओझे वाढले आणि वर्ष पुरे होण्याआधी मॅनेजर गेला. त्याला माणूस हवा होता तो कागदाच्या रिमांचा आणि उधारीचा हिशेब ठेवायला. लोक ज्यासाठी येतात तेच काम त्याने सोडले आणि जे त्याला कधीच जमले नव्हते ते स्वतःपाशी ठेवले.

आणि मग घरची मदत. तिच्याविषयी लिहिताना हात आखडतो, कारण तिच्यात प्रेम असते. वहिनींची सून ऐरोलीला नोकरीला आहे. रात्री साडेआठला घरी आली की पर्स खांद्यावर असतानाच ती व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरींना उत्तरे देऊ लागते. यजमान सकाळी कल्याणच्या बाजारातून भाजी आणतात. मुलगा रविवारी गाळ्यात बसतो. यांपैकी कोणाचेही नाव खर्चाच्या बाजूला नाही. वहिनींचे स्वतःचे तर नाहीच. पोळीचा भाव ठरवताना पीठ, तेल, गॅस, फॉइल आणि लाटण्याची मजुरी एवढे त्या धरतात. एक किलो कणकेत अंदाजे चाळीस पातळ पोळ्या होतात, हे त्यांचे गणित पक्के आहे. पण पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत जी एक बाई उभी असते तिची मजुरी शून्य धरलेली आहे. मी एकदा त्यांच्या वहीत त्यांच्याच नावाने पगार लिहून दाखवला. फार नाही, लाटायला येणाऱ्या बाईला मिळतो तेवढाच. नफ्याचा आकडा एवढासा उरला. वहिनी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “घरच्या कामाचा कोणी पगार लिहितो का, भावजी?” त्यांना राग आला होता, आणि तो माझ्यावर होता की त्या आकड्यावर, हे मला कळले नाही. एवढे खरे, की बिनपगारी हातांवर चालणाऱ्या धंद्याला मदतीची गरज केव्हा पडली हे वहीत कधीच उमटत नाही. ते सुनेच्या पाठीत आणि सासऱ्यांच्या गुडघ्यांत उमटते.

त्या लहान वहीचे मी पुढे काय केले ते सांगतो. मार्गशीर्षात गर्दी थोडी कमी झाली तेव्हा ती घेऊन वहिनींकडे गेलो आणि दोन्ही वह्या शेजारी उघडून बसलो. लाटायला आणखी दोन बायका हव्या होत्या असेच आम्हा दोघांनाही वाटत होते. निघाले भलतेच. नाही म्हटलेल्यांपैकी बहुतेकांचे फोन संध्याकाळी, पोळ्यांच्या गर्दीत आलेले होते. फोन कानाला लावून, हात कणकेत असताना, अमुक तारखेला आपण किती किलो चकली कबूल केली आहे हे वहिनींना आठवून सांगता येत नव्हते. जाड वहीत ऑर्डरी ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने लिहिलेल्या होत्या, देण्याच्या तारखेप्रमाणे कुठेच मांडलेल्या नव्हत्या. शब्द देऊन तो मोडायचा नाही ही त्यांची जुनी सवय, म्हणून शंका आली की त्या नाही म्हणत. आम्ही तारखेप्रमाणे मांडणी केली, तर वसुबारसेच्या आधीच्या दोन दुपारी फराळाची कढई चक्क रिकामी होती. त्याच दोन दिवसांत वहिनींनी पानभर माणसांना नाही म्हटले होते. हात कमी नव्हते, कढई कमी नव्हती. कमी होता तो फोन उचलणारा आणि तारखा मांडणारा माणूस. वहिनी म्हणाल्या, “म्हणजे ती तुळसवाली परत गेली ती उगाच?” मी काही बोललो नाही, कारण ती होतीच उगाच गेलेली.

नंतरच्या चैत्रात त्यांनी कॉलेजात शिकणारी एक मुलगी संध्याकाळी तीन तासांसाठी ठेवली. ती पोळीला हात लावत नाही. फोन उचलते, भिंतीवर लावलेल्या पांढऱ्या फळ्यावर तारखेच्या रकान्यात लिहिते आणि रात्री जाताना त्याचा फोटो वहिनींना पाठवते. पहिला महिना फार कठीण गेला. मुलीचा आवाज स्वच्छ आणि तुटक, पलीकडून एखाद्या आजी आपल्या गुडघेदुखीपासून सुरुवात करत आणि ही त्यांना मध्येच तोडून “किती किलो?” असे विचारी. वहिनी कणकेच्या हातानेच तिच्याकडून फोन काढून घेत. जुन्या गिऱ्हाइकांनी तक्रारी केल्या, की आता तुम्ही मोठ्या झालात, आमच्याशी बोलायला माणूस ठेवलात. हे ऐकले की वहिनींचा चेहरा पडे आणि मलाही क्षणभर वाटे, की या धंद्याला जी ऊब होती ती आपण फळ्याच्या रकान्यात घालून थंड केली की काय. अजूनही तसे अधूनमधून वाटते. मुलगी आता आजींच्या गुडघ्यांची चौकशी करायला शिकली आहे. ती चौकशी मनापासून आहे की कामाचा भाग म्हणून, हे मी विचारत नाही. वहिनींची तरी प्रत्येक वेळी मनापासून असे का, हेही मला सांगता येणार नाही. रात्रीची जेवणाच्या टेबलावरची बैठक मात्र संपली आहे. सून घरी आल्यावर आता पर्स जागेवर ठेवते.

यंदा वहिनींच्या डोक्यात चकलीचे यंत्र आहे. दरपत्रक आलेले आहे. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राने २०२० मध्ये जी योजना आणली, तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलेले होते, आणि अर्जासाठी हात धरून मदत करणारी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली होती, हे मी त्यांना सांगितले. तिथेही मागचे आकडे लागतील आणि ते माझ्यासारख्या हौशी माणसाने लिहिलेले चालणार नाहीत, हेही सांगितले. खरे तर मला त्याहून जास्त काही सांगायचे होते. सुनेची मदत वहीत नाही म्हणून मी वहिनींपुढे एवढे बोललो, आणि माझे स्वतःचे नाव तरी त्या वहीत कुठे होते? कापडी पिशवी माझ्या घरी येते, जाताना तिच्यात चिवडा असतो आणि दोघांनाही तो व्यवहार फार गोड वाटतो. माझी दृष्टी आता पूर्वीसारखी राहिलेली नाही आणि जीएसटीचे नियम मी बँक सोडल्यानंतर वर्तमानपत्रांतून शिकलेलो आहे. फुकट मिळणारी मदत सोडवत नाही, हे देणाऱ्याच्या बाबतीतही खरे असते. निवृत्त माणसाला आपली गरज आहे असे वाटत राहणे ही काही लहान कमाई नव्हे.

तेव्हा एका सनदी लेखापालांचा नंबर दिला. वहिनींना ते प्रथम रुचले नाही. चिवड्यात काही कमी पडले का, असे त्यांनी यजमानांकरवी विचारून घेतले. मग एका दुपारी आम्ही तिघे त्यांच्या कार्यालयात गेलो. तरुण बाई होत्या, त्यांनी जाड वही आणि फळ्याचे फोटो दोन्ही नीट पाहिले, पोळीचा आणि फराळाचा हिशेब वेगळा का हवा हे समजावले आणि महिन्याची फी सांगितली. वहिनी जिन्यात येईपर्यंत गप्प होत्या. मग म्हणाल्या, “एवढ्यात तेलाचा एक डबा येतो, भावजी.” मी पिशवीतून ती लहान वही काढली आणि पानभर नावांपुढे मी मांडलेली बेरीज त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा तपासली, पिशवी यजमानांच्या हातात दिली, पुन्हा जिना चढल्या आणि दारातूनच विचारले, की फीमध्ये दिवाळीचा फराळ धरता येईल का.